बौद्ध धम्म: उगम, विचार आणि आचरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

धम्माबद्दल विचारणारे लोक वेगवेगळ्या वाटांनी येतात. कुणाला विपश्यनेच्या शिबिराला जायचं असतं, कुणी नुकतीच लेणी पाहिलेली असतात, तर कुणी लहानपणापासून घरात त्रिशरण म्हणत आलेलं असतं आणि आता त्यामागचा अर्थ समजून घ्यायचा असतो. खालची उत्तरं या सगळ्यांसाठी आहेत. ती देताना मी एकच सूत्र धरलं आहे: दुःखाला कारण आहे, आणि ज्याला कारण आहे ते दूर करता येतं. बुद्धांच्या शिकवणीतलं जवळजवळ सगळं या एका वाक्यापर्यंत येऊन पोचतं.

गौतम बुद्ध खरोखर होऊन गेले का? कोणत्या काळात?

हो, होऊन गेले. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, अस्तित्वाबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. श्रीलंका आणि म्यानमारमधली थेरवादी परंपरा महापरिनिर्वाणाचं, म्हणजे बुद्धांच्या देहान्ताचं, साल इ.स.पू. ५४४ धरते, म्हणूनच १९५६ साली २५०० वर्षांचा उत्सव झाला. आपल्या पुस्तकांत बहुधा इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा काळ छापलेला दिसतो. आजचे बरेच संशोधक महापरिनिर्वाण आणखी अलीकडे, इ.स.पू. ४००च्या आसपास मानतात.

जन्मस्थळाचा पुरावा मात्र दगडात कोरलेला आहे. आज नेपाळमध्ये असलेल्या लुंबिनीत सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरचा लेख १८९६ साली उजेडात आला. शाक्यमुनी बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून आपण स्वतः येऊन पूजा केली आणि या गावाचा कर कमी केला, असं अशोक त्यात सांगतो. माझ्या मते कुठल्याही चमत्कारकथेपेक्षा गावाला करसवलत देणारा हा छोटा लेख जास्त हृदयस्पर्शी आहे.

सिद्धार्थाने घर का सोडलं?

म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं पाहून तो मध्यरात्री निघून गेला, ही कथा सर्वांना माहीत आहे. पण मूळ पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, ही चार दृश्यं विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धांच्या बाबतीत येतात. गौतमाशी ती पुढच्या चरित्रग्रंथांत जोडली गेली. स्वतःबद्दल बोलताना बुद्ध इतकंच सांगतात की ऐन तारुण्यात, केस काळेभोर असताना, आईवडील रडत असताना आपण केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रं घातली आणि घर सोडलं. चोरून पळून जाणं त्यात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही चार दृश्यांची कथा पटली नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा आजारी माणूस पाहिलाच नसेल, हे कसं शक्य आहे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय यांच्यात पेटलेल्या वादाकडे लक्ष वेधलं. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याच्यावर गृहत्यागाची वेळ आली, अशी त्यांची मांडणी आहे. कोणताही वृत्तान्त घ्या, माणसं दुःखी का होतात हा त्याचा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

बोधी प्राप्त झाली म्हणजे काय झालं?

सिद्धार्थाने आधी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या गुरूंकडे ध्यानाच्या उच्च अवस्था शिकून घेतल्या. त्या अवस्था शांत होत्या, पण ध्यानातून उठल्यावर दुःख परत येत होतं. मग त्याने उरुवेलेच्या (आजच्या बोधगयेच्या) परिसरात कठोर तपश्चर्या केली. शरीराचा सांगाडा झाला, तरी उत्तर मिळालं नाही. अखेर सुजाताने दिलेली खीर त्याने स्वीकारली. शरीराला छळून मन मोकळं होत नाही, हे त्या वेळी त्याच्यापुरतं ठरून गेलं. पुढे नेरंजरा नदीच्या काठी पिंपळाखाली बसून त्याने दुःखाची कारणसाखळी उलट-सुलट तपासली. एक गोष्ट असल्यामुळे दुसरी उद्भवते आणि पहिली थांबली की दुसरीही थांबते. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. तेव्हा त्याचं वय पस्तीस होतं.

पहिलं प्रवचन सारनाथला झालं. ते ऐकणारे पाच जण पूर्वी त्याच्यासोबत तप करत होते आणि त्याने अन्न घेतलं म्हणून रागावून निघून गेले होते. त्यातल्या कौंडिण्याला सर्वांत आधी समजलं. पुढची ४५ वर्षं बुद्ध गंगेच्या खोऱ्यात पायी फिरत शिकवत राहिले आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

चार आर्यसत्यं सोप्या शब्दांत सांगाल का?

दुःख आहे, दुःखाचं कारण आहे, दुःख थांबू शकतं आणि ते थांबवण्याचा मार्ग आहे. शब्द इतकेच. मात्र ही चार वाक्यं पाठ करून समाधान मानू नये. सारनाथच्या प्रवचनात प्रत्येक सत्याबरोबर एक काम सांगितलं आहे आणि माझ्या मते धम्माचा गाभा तिथे आहे.

पहिलं काम दुःख पूर्णपणे जाणून घेण्याचं. जन्म, म्हातारपण आणि मरण यांत दुःख आहे. नकोशा गोष्टीशी गाठ पडणं, हवीशी गोष्ट दुरावणं, मनासारखं न मिळणं हेही दुःखच. त्यापासून पळायचं नाही, ते नीट पाहायचं. दुसरं काम तृष्णा सोडण्याचं. इंद्रियसुखाची हाव, ‘मी असाच कायम राहावा’ ही हाव, आणि ‘हे सगळं नष्टच व्हावं’ ही हाव, असे तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तिसऱ्या प्रकाराकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण वैतागून सगळं झटकून टाकण्याची इच्छा हीसुद्धा तृष्णाच आहे. तिसरं काम निरोधाचा, म्हणजे तृष्णा विझण्याचा, स्वतः अनुभव घेण्याचं. चौथं काम मार्ग रोजच्या जगण्यात वाढवत नेण्याचं.

दुःखाबद्दल इतकं बोलतो म्हणून या धम्माला निराशावादी म्हणणाऱ्यांना तिसरं सत्य ऐकवावं. दुःख संपू शकतं आणि ते याच जन्मात, याच देहात संपू शकतं, असं ठामपणे सांगणारी शिकवण निराशेची कशी असेल?

अष्टांगिक मार्गात काय काय येतं?

सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त, सम्यक आजीविका, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. यातला व्यायाम म्हणजे मनाचा प्रयत्न: वाईट विचार रोखणं आणि चांगले वाढवणं. ही आठ अंगं एकामागून एक चढायच्या पायऱ्या नाहीत, ती एकत्र चालतात. परंपरेने त्यांचे शील, समाधी आणि प्रज्ञा असे तीन गट केले आहेत.

आजकाल समाधीच्या गटाला फार भाव आला आहे. पण वाचा आणि आजीविका तितक्याच महत्त्वाच्या आहेत. खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि निरर्थक बडबड टाळणं म्हणजे सम्यक वाचा. शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने, म्हणजे गृहस्थ अनुयायाने, करू नये, असं सुत्तात स्पष्ट म्हटलं आहे. पोट भरण्याची रीत धम्माबाहेर ठेवून नुसत्या ध्यानाने काही साधत नाही.

बौद्ध लोक ईश्वर मानतात का?

जग निर्माण करणारा आणि चालवणारा ईश्वर बौद्ध विचारात नाही. सुत्तांमध्ये देव येतात, ब्रह्माही येतो, पण तेही जन्ममरणाच्या फेऱ्यात असलेलेच जीव आहेत. ते कुणाला मुक्त करू शकत नाहीत. बुद्धही स्वतःला तारणहार म्हणवत नाहीत. ते वाट दाखवतात, चालायचं आपल्याला असतं.

जग अनंत आहे की सान्त, मृत्यूनंतर तथागत (म्हणजे बुद्ध) असतो की नसतो, अशा प्रश्नांना त्यांनी उत्तर दिलं नाही. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने हट्टच धरला, तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचं उदाहरण दिलं. बाण कुणी मारला, तो कोणत्या कुळातला, धनुष्य कशाचं, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही असं तो म्हणाला, तर हे सगळं कळण्याआधीच मरून जाईल.

आत्मा नसेल तर पुनर्जन्म कुणाचा?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे आणि तो विचारणारा बरोबर जागी पोचलेला असतो. बौद्ध विश्लेषणात माणूस म्हणजे रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकांचा, बदलता प्रवाह आहे. या पाचांपलीकडे न बदलणारा ‘मी’ सापडत नाही. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याने भिक्खू नागसेनाला नेमका हाच प्रश्न विचारला होता. नागसेनाने दिव्याचा दाखला दिला: रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, पण वेगळीही नाही. प्रवाह चालू राहतो, त्यात एका देहातून दुसऱ्या देहात जाणारी वस्तू मात्र कुठलीच नसते.

बाबासाहेबांनी आत्म्याचं स्थलांतर साफ नाकारलं. मागच्या जन्मीच्या पापामुळे माणूस गरीब किंवा ‘हीन’ कुळात जन्मतो, ही समजूतही त्यांनी फेटाळली, कारण तिच्यामुळे अन्याय करणारे निर्दोष ठरतात. थेरवादी आणि तिबेटी परंपरा पुनर्जन्म मानतात. हा मतभेद खरा आहे आणि तो लपवण्याचं काही कारण नाही.

मग कर्म म्हणजे नशीब का?

नाही. बुद्धांच्या मते चेतना, म्हणजे कृतीमागचा हेतू, हेच कर्म. आत्ताच्या क्षणी मी काय निवडतो याला महत्त्व आहे. प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येतं हे मत त्यांनी नाकारलं होतं. काही वेदना पित्तकफाच्या बिघाडाने, ऋतुबदलाने किंवा दुखापतीने होतात, असं त्यांनी सीवक नावाच्या परिव्राजकाला सांगितलं.

पंचशील म्हणजे पाच आज्ञा आहेत का?

आज्ञा देणारा कुणी नसल्यामुळे ते आपण स्वतःहून घेतलेले नियम ठरतात. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारतो, असं म्हणायचं असतं. नियम मोडला तर पुन्हा घ्यायचा. पाचव्या शीलाकडे सवलतीने पाहण्याची सवय दिसते, ‘थोडी घेतली तर काय’ असं म्हटलं जातं. पण नशेत बाकीची चारही शीलं सुटतात. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

बौद्धांनी मांस खावं की नाही?

एकच उत्तर नाही. भिक्षेत आलेलं मांस, आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली नसेल, तर भिक्खूने स्वीकारायला हरकत नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांतला, नियम आहे. देवदत्त नावाच्या भिक्खूने संपूर्ण शाकाहार सक्तीचा करा अशी मागणी केली, ती बुद्धांनी मान्य केली नाही. चीनमधल्या महायानी विहारांत मात्र कडक शाकाहार पाळतात.

विपश्यना आणि बौद्ध धम्म एकच आहेत का?

विपश्यना हा धम्माचा एक भाग आहे. सतिपट्ठान सुत्तात शरीर, वेदना (संवेदना), चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय) या चार गोष्टींकडे जागरूकपणे पाहण्याची शिकवण आहे. आज भारतात सर्वाधिक माहीत असलेली पद्धत सत्यनारायण गोयंका यांची. म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं. आधी आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, शिकवतात आणि मग अंगावरच्या संवेदना समतेने पाहायला. शुल्क नसतं, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलावं आणि शिबिराच्या अर्जात ते स्पष्ट लिहावं.

घरी सुरुवात करायची असेल तर रोज थोडा वेळ शांत बसून येणारा-जाणारा श्वास पाहावा आणि शेवटी सर्वांसाठी मैत्रीभावना करावी. मन भटकणारच. ते भटकलं हे लक्षात आलं की तीच स्मृती.

जात आणि स्त्रिया यांबद्दल बुद्धांची भूमिका काय होती?

जन्माने कुणी वृषल (नीच) होत नाही, जन्माने कुणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो, असं वसल सुत्तात म्हटलं आहे. हे नुसतं बोलणं नव्हतं. शाक्य राजपुत्र संघात आले, तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा न्हावी उपाली याला दीक्षा दिली गेली, त्यामुळे त्या राजपुत्रांना त्याला वंदन करावं लागलं. पुढे पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, विनयाचं पठण याच उपालीने केलं. निर्माल्य आणि कचरा उचलणारा सुनीतही संघात होता.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र तितकं सरळ नाही. बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी हिने आग्रह धरला, त्यांचा शिष्य आनंद याने तिची बाजू मांडली आणि भिक्खुणी संघ स्थापन झाला. पण त्यासोबत आठ अटी आल्या आणि त्यांनुसार दीक्षा घेऊन शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनेही नव्या भिक्खूला वंदन करायचं. या अटी खुद्द बुद्धांच्या की नंतरच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्या धम्माच्या मूळ वृत्तीशी जुळणाऱ्या वाटत नाहीत. थेरीगाथा वाचल्या की हे अधिक जाणवतं. त्यात मुक्त झालेल्या स्त्रिया स्वतःच्या आवाजात बोलतात. उखळ, मुसळ आणि कुबड्या नवऱ्यापासून सुटले, असं एकजण म्हणते, तर वेसाली नगरीची गणिका आम्रपाली आपल्याच ओसरलेल्या रूपाचं निर्भयपणे वर्णन करते.

थेरवाद, महायान, वज्रयान यांत फरक काय?

थेरवाद पाली त्रिपिटकाला प्रमाण मानतो आणि श्रीलंका, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, लाओसमध्ये आहे. महायानात सर्व जीवांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या बोधिसत्त्वाचा आदर्श आणि शून्यतेचा, म्हणजे कशालाही स्वतंत्र, स्थिर अस्तित्व नाही हा, विचार पुढे आला. तो चीन, कोरिया, जपान आणि व्हिएतनाममध्ये पसरला, झेन त्यातलंच. वज्रयान हा महायानाचाच तांत्रिक विस्तार, मुख्यतः तिबेट, भूतान, मंगोलिया आणि लडाखमध्ये. चार आर्यसत्यं तिघांनाही मान्य आहेत.

बुद्धांनी स्वतः ग्रंथ लिहिला का?

नाही. शिकवण कित्येक पिढ्या पाठांतराने जपली गेली. विनय, सुत्त आणि अभिधम्म अशी तीन पिटकं इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहून काढण्यात आली. नव्या वाचकाने धम्मपदापासून सुरुवात करावी, त्यात ४२३ गाथा आहेत.

भारतात उगम पावलेला धम्म भारतातूनच का लोपला?

एका कारणावर बोट ठेवणारे बहुधा अर्धंच सांगत असतात. राजाश्रय आटत गेला. संघ मोठमोठ्या विहारांत एकवटला आणि गावातल्या उपासकांशी त्याचा रोजचा संबंध सैल झाला. वैदिक आणि भक्तिपरंपरांनी बुद्धांना अवतार ठरवून आपल्यात सामावून घेतलं. काही ठिकाणी उघड विरोधही झाला. इ.स. १२००च्या सुमारास तुर्की आक्रमणांत नालंदा आणि विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्या. संघ केंद्रांवरच अवलंबून राहिल्यामुळे ती पडल्यावर मागे उभं राहणारं फारसं कुणी उरलं नाही.

महाराष्ट्राशी धम्माचं नातं किती जुनं?

अशोकाच्या काळाइतकं. सोपारा (आजचं नालासोपारा) इथे त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. पुढे भाजे, कार्ले, कान्हेरी, नाशिक, जुन्नर, पितळखोरा, अजिंठा अशी लेण्यांची मालिकाच सह्याद्रीत आणि आसपास उभी राहिली. तिथले दानलेख जरूर वाचावेत. कार्ल्याचं चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केलं आणि लेखात त्याला जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह म्हटलं आहे. खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत. इतर लेखांत व्यापारी, कारागीर, भिक्खुणी आणि घरगृहस्थीतल्या स्त्रिया भेटतात. ही लेणी राजांइतकीच सामान्य लोकांच्या पैशाने कोरली गेली.

१९५६ साली नेमकं काय झालं?

१९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर वीसहून अधिक वर्षं अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः त्रिशरण, पंचशील व २२ प्रतिज्ञा दिल्या. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचं महापरिनिर्वाण झालं. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले आणि त्यातले ६५ लाख महाराष्ट्रातले आहेत.

काही जण म्हणतात की हे राजकीय धर्मांतर होतं, खरा धम्म ध्यानात आहे. मला हे मुळीच पटत नाही. माणसाला पाणवठ्यावर पाणी नाकारणं हे दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येतं. चार आर्यसत्यं समाजाला लावली की हेच निघतं. तसंच, प्रतिज्ञा घेऊन शील आणि मनाच्या साधनेकडे पाठ फिरवली तर दीक्षा अपुरी राहते. अष्टांगिक मार्गाने चालण्याची आणि पंचशील पाळण्याची प्रतिज्ञा त्या २२ प्रतिज्ञांतच आहे.

मुख्य सण कोणते?

वैशाख पौर्णिमेला बुद्धांचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्हींचं स्मरण करतात. आषाढ पौर्णिमेला सारनाथचं पहिलं प्रवचन झालं आणि त्या सुमारास वर्षावास सुरू होतो. भिक्खू तीन महिने एका जागी राहतात, विहारांत ग्रंथवाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की पुढच्या महिन्यात कठिन चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्रांचं दान, होतं. महाराष्ट्रात धम्मचक्र प्रवर्तन दिन हा मोठा दिवस, त्या दिवशी दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो.

बौद्ध व्हायला काय करावं लागतं?

बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाऊन पंचशील स्वीकारणं, एवढंच. भिक्खूंसमोर दीक्षा घ्यायची पद्धत आहे, आणि आंबेडकरी परंपरेत २२ प्रतिज्ञाही घेतात. शासकीय नोंदीत धर्म बदलायचा असेल तर त्याची प्रक्रिया वेगळी असते. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या प्रवर्गाचं आरक्षण १९९० सालच्या कायद्याने मिळालं.

बौद्ध नसताना विहारात गेलं तर चालेल का?

खुशाल जा. चपला बाहेर काढाव्यात, आवाज हळू ठेवावा, मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे पाय करून बसू नये. लोक तीन वेळा वाकून वंदन करतात, तुम्ही नुसते हात जोडले तरी कुणी काही म्हणत नाही. वंदनेचे पाली शब्द येत नसतील तर शांत बसून ऐकावं, आणि नंतर शेजारच्या माणसाला त्यांचा अर्थ विचारावा. रविवारी सकाळी किंवा पौर्णिमेला गेलात तर बहुतेक ठिकाणी वंदना सामूहिक असते आणि प्रश्न विचारायला माणसंही भेटतात.